माती, मोगरा आणि प्रॉक्टर टेस्ट

सर्वात आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना सापडलं की आमच्याकडे एक रुपया दंड असायचा, आणि मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री मला हमखास ताप यायचा. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ ‘नाही’च म्हणणार होते. पण गेल्या पावसाळ्यात एका मराठी शब्दाचा अर्थ माहीत नसल्यामुळे माझ्या हातून एक झाड जवळजवळ मेलं. तो हिशेब मराठीतच चुकता करायला हवा, म्हणून हा खटाटोप. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.

तो शब्द आहे ‘वाफसा’. किती जणांना माहीत आहे? ज्यांच्या घरी शेती आहे ते हसतील. बाकीच्यांनी पुढे वाचा.

गच्चीवरचं पिंप

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आजीची बाग आहे. बाग म्हणजे काय, तर अर्धं कापलेलं निळं प्लास्टिकचं पिंप, रंगाच्या सहा रिकाम्या बादल्या, तेलाचे दोन पत्र्याचे डबे आणि मासळीवाल्याकडून आणलेली थर्मोकोलची खोकी. बादल्यांमध्ये मिरची, टोमॅटो, मेथी. पिंपात मोगरा.

हा मोगरा साधा नाही. आजोबा गेल्यावर वाईजवळचं आमचं गावचं घर विकलं. तेव्हा आजीने तिथून भांडी आणली नाहीत, पाट आणला नाही. अंगणातल्या मोगऱ्याची मुळं फुटलेली एक फांदी आणि शेतातली दोन पोती काळी माती, एवढंच टेंपोत घातलं. पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं मोगरा असा फुलला की खालच्या मजल्यावरच्या काकू ओंजळ घेऊन यायच्या. तिसऱ्या वर्षी फुलं कमी झाली, पानं पिवळी पडायला लागली.

जुलैमध्ये आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला आत्याकडे गेली. बाग माझ्यावर सोपवली. आठ दिवस पाऊस थांबला नाही. मोगऱ्याने मान टाकली. मी घाबरून फोन केला. आजी म्हणाली, “माती बसली असणार. उकरायला हवी. पण वाफसा येऊ दे हं, मग हात लाव.”

मी ‘हो हो’ म्हटलं. वाफसा म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली. मनात म्हटलं, वाफेशी काहीतरी संबंध असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन पडलं आणि भिजलेल्या गच्चीतून खरोखर वाफा निघायला लागल्या. आला वाफसा! मी खुरपं घेतलं आणि त्या चिखलात हात घातला.

मोगरा मुळांसकट बाहेर काढला. तळाशी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चार इंच खडी पसरली. वर तीच ओली माती थर देत भरली, आणि शेवटी झाड हलू नये म्हणून प्रत्येक थर विटेने ठोकून घट्ट केला. सिव्हिलची विद्यार्थिनी ना मी! त्याच टर्मला आम्ही प्रॉक्टर टेस्ट केली होती.

पंधरा दिवसांनी आजी परत आली. डोळ्यावर काळा चष्मा, तशीच गच्चीवर गेली. पिंपात बोट खुपसलं, बोटाचा वास घेतला. कुजका वास होता. एवढंच म्हणाली, “तू तर चिखलणी केलीस की गं. भात लावायचाय का इथे?” आणि खाली निघून गेली. पुढचे चार दिवस ती गच्चीवर आलीच नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. गच्चीतून ओल उतरते आहे, सगळ्या कुंड्या आणि पिंपं हलवावीत. म्हणजे मोगरा वाचवायचा आणि पिंपाची जागाही वाचवायची, अशी दुहेरी परीक्षा. मग मी काय चुकलं ते नीट शोधायला बसले. जे सापडलं ते खाली देते आहे.

आपण शिकतो त्याच्या बरोबर उलट

आर. आर. प्रॉक्टर ह्या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ साली मातीची ही परीक्षा मांडली. आपल्याकडच्या आयएस २७२० प्रमाणे हलक्या परीक्षेत १००० घन सेंटिमीटरच्या साच्यात माती तीन थरांत भरायची आणि २.६ किलोचा ठोकळा ३१० मिलिमीटरवरून प्रत्येक थरावर २५ वेळा टाकायचा. उद्देश एकच: मातीतली हवा हाकलायची. रस्ता किंवा धरणाचा भराव करताना हे अगदी बरोबर आहे. हवा राहिली तर भराव खचतो.

झाडाला मात्र तीच हवा हवी असते. मुळंही श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि ती कार्बन डायऑक्साइड सोडतात. ही देवाणघेवाण मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून होते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की सगळं ठप्प, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. ऑक्सिजन नाही तर मुळाला ताकद नाही, ताकद नाही तर पाणी ओढता येत नाही. म्हणून गंमत अशी होते की पाण्यात बुडालेलं झाडसुद्धा तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. आपण बघतो, हळहळतो आणि अजून एक तांब्या ओततो. कुंड्यांमधली कितीतरी झाडं अशी मायेने मरत असतील.

ओल्या चिकणमातीत हात घातला की आणखी एक नुकसान होतं. चांगल्या मातीत बारीक कण एकमेकांना चिकटून रवाळ दाणे बनलेले असतात आणि दाण्यांच्या मधे मोठ्या पोकळ्या असतात. ओली माती ढवळली, दाबली की हे दाणे मोडतात आणि लगदा होतो. भाताच्या खाचरात पाणी झिरपू नये म्हणून शेतकरी मुद्दाम हेच करतो, ती चिखलणी. आमची माती तर काळी, म्हणजे माँटमोरिलोनाइटवाली. पावसात फुगते आणि भोकं बुजवते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. पिंपात भेग बहुतेक कडेने पडते. मग वरून घातलेलं पाणी कडेकडेने थेट खाली जातं, मधला गोळा कोरडाच. आपल्याला वाटतं, वा, काय छान निचरा!

मोजून बघू

इंजिनिअरिंगला आहोत तर नुसतं वाटून उपयोग नाही. दोन्ही टोकं कापलेला ४०० घन सेंटिमीटरचा पत्र्याचा डबा पिंपातल्या मातीत दाबून नमुना काढला आणि लॅबच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवला. (लॅब असिस्टंट काकांचे आभार.) वजन भरलं ६०० ग्रॅम. म्हणजे कोरडी घनता १.५. मातीच्या कणांची घनता साधारण २.६५ धरतात.

सच्छिद्रता = १ − (१.५ ÷ २.६५) = ०.४३

म्हणजे ४३ टक्के पोकळी. वाचायला बरं वाटतं. पण पोकळी किती ह्यापेक्षा पोकळी केवढी मोठी हे महत्त्वाचं. त्यासाठी ही घरगुती परीक्षा, जी कोणीही करू शकेल:

१. बादलीची भोकं चिकटपट्टीने बंद करा. तिच्यात मोजून ८ लिटर माती भरा.
२. हळूहळू पाणी घाला. मातीवर पाण्याचा पातळ थर दिसू लागला की थांबा. काही तास मुरू द्या, वरचं जास्तीचं पाणी काढून टाका.
३. खाली घमेलं ठेवा, भोकं उघडा आणि गळणारं पाणी मोजा.
४. गळालेलं पाणी भागिले मातीचं आकारमान, म्हणजे निचऱ्यानंतर हवेने भरलेल्या पोकळ्यांचं प्रमाण.

कुंडीतल्या झाडाला हे प्रमाण निदान १० टक्के तरी हवं, १५ ते २० असेल तर उत्तम. माझ्या ८ लिटर मातीतून पाणी गळालं ३०० मिलिलिटर. चार टक्केसुद्धा नाही. मोगरा बिचारा दोन महिने नाक दाबून बसला होता.

खडीच्या थराचा गैरसमज

आता माझ्या चार इंच खडीकडे वळू. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे ऐकत आलो आहोत. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केशाकर्षण शिकलो ते आठवा. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच धरून ठेवलं जातं. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत सुमारे ३ सेंटिमीटर, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. मातीच्या पोकळ्या म्हणजे वेड्यावाकड्या नळ्याच. त्यामुळे निचरा थांबल्यावरही तळाचा काही भाग पाण्याने गच्च राहतोच. बारीक मातीत हा गच्च भाग उंच, रवाळ मातीत बुटका.

खडी घातल्याने हा भाग जात नाही. तो फक्त खडीच्या वर सरकतो, कारण बारीक पोकळ्यांमधलं पाणी त्या भरल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. २५ सेंटिमीटरच्या बादलीत १० सेंटिमीटर खडी भरली तर माती उरली १५ सेंटिमीटर, आणि तिचा खालचा भाग आहे तेवढाच ओला. मुळांची जागा तेवढी कमी झाली.

खात्री नाही? भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा. तळहातावर आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळेल! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. ह्याचा अर्थ, उथळ खोक्यापेक्षा उंच डबा जास्त कोरडा राहतो, आणि उथळ खोक्यातली माती जास्त रवाळ लागते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे.

दुसरं एक, पिंपाचा सपाट तळ गच्चीला चिकटला की भोकं असून नसल्यासारखी. चार बाजूंना विटा ठेवून पिंप उचललं की खालून पाणी निघतं, हवा जाते आणि गच्चीही वाळते. तळाला अर्ध्या इंचाची सहा-सात भोकं, आणि कडेला तळापासून दोन बोटांवर आणखी चार. पिंप कशाचं होतं तेही बघून घ्या. औषधाचं किंवा केमिकलचं पिंप कितीही धुतलं तरी भाजीला नको.

जुनी माती टाकू नका

एका हंगामानंतर डब्यातली माती बोटभर तरी खाली बसते. त्यातलं खत कुजून संपतं, बारीक कण खाली जातात आणि पोकळ्या भरतात. वर नुसती नवी माती ओतली तर खालचा दगड तसाच राहतो. आम्ही असं केलं:

जुनी माती रिकामी करून जाड मुळं काढली. ढेकळं वाफशावर फोडली (हा शब्द आता मला येतो!). उन्हाळा असेल तर माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवतात, म्हणजे रोगाचे जंतू आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. आमची घाई होती, म्हणून ते झालं नाही. मग ४ घमेली जुनी माती, ३ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, २ घमेली कोकोपीट आणि १ घमेलं मटाराएवढे विटेचे तुकडे, असं मिसळलं. मिरचीच्या बादलीत पुढच्या वेळी टोमॅटो किंवा वांगं लावलं नाही, कारण ती एकाच कुळातली आणि त्यांचे बरेच रोग सारखे. तिथे मेथी पेरली.

वाळूबद्दल सावध करते. चिकणमातीत थोडी बारीक वाळू घालणं म्हणजे काँक्रीटचं मिक्स डिझाइन करणं. मोठ्या कणांच्या फटीत छोटे कण जाऊन बसतात आणि सगळं अजून घट्ट होतं.

नवीन मिश्रणाची तीच परीक्षा घेतली. ८ लिटरमधून १.३ लिटर पाणी गळालं, म्हणजे १६ टक्के.

ह्याचा सोसायटीच्या भांडणातही उपयोग झाला. पूर्ण भिजलेल्या जुन्या मातीचं १०० लिटरचं पिंप जवळपास १९० किलो भरत होतं, नव्या मिश्रणाचं साधारण १२५. आयएस ८७५ मध्ये वापरातल्या सपाट गच्चीसाठी चल भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेला आहे आणि पिंपाचा तळ जेमतेम पाव चौरस मीटरचा. म्हणून पिंप मधून काढून खालच्या बीमच्या रेषेवर, कठड्याजवळ नेलं. सेक्रेटरी काकांना कागदावर हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू.”

झाड लावलेलं असताना माती मोकळी करायची असेल तर खणू नका, मुळं तुटतात. वरचा इंचभर थर खुरप्याने हलवा. मग खोडापासून वीतभर लांब, स्वेटर विणायच्या जाड सुईने खोल भोकं पाडा आणि त्यांत चाळलेलं खत भरा. भोक बुजत नाही आणि गांडुळं पुढचं काम फुकट करतात.

आच्छादन, म्हणजे मातीचं पांघरूण

एवढं करून माती उघडी ठेवली तर पावसाचे थेंब ठोकळ्याचंच काम करतात. वरचे दाणे फुटून पापडी धरते आणि हवा बंद. त्यावर उपाय आच्छादन. आजीच्या गावी उसाचं पाचट शेतात पसरतात. शहरात पाचट कुठलं, पण रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो. ती धुऊन, पंधरा दिवस वाळवून, तोडून घ्या, नाहीतर मुंग्यांचं स्नेहसंमेलन भरतं. नारळाच्या शेंड्या, भाताचं तूस, सुका पाला, सगळं चालतं. सोसायटीत जो पाला जाळतात तो मागून घ्या.

काही पथ्यं आहेत. बादलीत तीन सेंटिमीटर, पिंपात पाच ते सात सेंटिमीटर जाडी पुरते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. बदामाची पानं अख्खी टाकू नका, ती ताटासारखी बसतात आणि पाणी वरच्यावर ओघळतं. चुरून टाका. ताजं कापलेलं गवत जाड थरात घातलं तर आंबतं. भुसा वर पसरला तर ठीक, पण मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन वापरतात आणि झाड उपाशी राहतं. भर पावसात थर पातळ करा, नाहीतर गोगलगायी मुक्कामाला येतात.

एप्रिलमध्ये सारख्याच मातीच्या, सारख्याच भिजवलेल्या दोन बादल्या झाडाविना ठेवल्या. एक उघडी, एकीवर चिपाडं. रोज वजन केलं. पाच दिवसांत उघड्या बादलीतलं १.३ किलो पाणी उडालं, झाकलेल्या बादलीतलं ०.६ किलो. दोनच बादल्यांचा प्रयोग आहे, त्याला संशोधन म्हणू नका. पण उन्हाळ्यात बादली घेऊन चार मजले चढणाऱ्याला फरक कळतो.

आणि मोगरा?

मूळ झाड गेलं. काळी, पिळपिळीत मुळं हातात आली तेव्हाच मला कळलं होतं. पण कडेच्या एका फांदीत हिरवेपणा होता. पाचव्या दिवशी आजी आपणहून वर आली. नखाने फांदीची साल खरवडून बघितली आणि म्हणाली, “दाब कलम करू.” पिंपातल्या नव्या मातीत ती फांदी वाकवून मधे थोडी साल काढली, तेवढा भाग मातीत पुरला, वर दगड ठेवला. “दाब द्यायचा तर फांदीला द्यावा,” आजी म्हणाली, “मातीला नाही.” दोन महिन्यांत मुळं फुटली. ह्या एप्रिलमध्ये त्यावर अकरा फुलं आली. पूर्वीसारखी ओंजळ नाही, पण आजीच्या देवापुरती झाली.

मग मी विचारलंच, “आजी, वाफसा म्हणजे नक्की काय?” तिने पिंपातली मूठभर माती माझ्या हातात दिली. मूठ वळायला सांगितली. बोटांतून पाणी निघालं तर माती ओली, हात लावायचा नाही. गोळाच झाला नाही तर कोरडी. गोळा झाला आणि टिचकी मारताच भुसभुशीत फुटला, तर वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, दोन्ही एका वेळी.

“तुमच्या पुस्तकात ह्याला काय म्हणतात?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “ते सॉइल मॉइश्चर ॲट ऑर स्लाइटली बिलो फील्ड कपॅसिटी.”

“एवढं लांब?” आजी म्हणाली. “तेवढं म्हणेपर्यंत माती वाळून जायची.”

मित्रांनो, तुमच्या गॅलरीत एखादा रंगाचा डबा असेलच. आज संध्याकाळी त्यातली माती मुठीत घेऊन बघा. आणि घरात कोणी न कळणारा शब्द वापरला तर लाजू नका, तेव्हाच विचारा. मला ते एका मोगऱ्याच्या किमतीला पडलं.